ओटीपी मागितलाच नाही, मग सावध कुठे राहायचं?

संपादक महोदय,

कालच्या अंकातला बँक फसवणुकीवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. ओटीपी सांगू नका, लिंकवर क्लिक करू नका, कार्डाचा पिन कुठे लिहून ठेवू नका, हे सगळं बरोबरच आहे, पण प्रत्येक वेळी खातेदारालाच शहाणपण शिकवायचं आणि बँकेला एकही प्रश्न विचारायचा नाही हे काय चाललंय?

माझ्या ताईचं झिरो बॅलन्सचं खातं आहे, शिलाईकाम करून साठवलेले पैसे त्यात होते. एका शनिवारी रात्री तिकडे परराज्यात कुणीतरी तिच्या अंगठ्याच्या ठशावर आधी १०,००० काढले आणि लगेच परत ५,०००. ओटीपी नाही, कार्ड नाही, फोन नाही, लिंक नाही, काहीच नाही. आधारवरून पैसे काढायला फक्त आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा लागतो आणि ठसा चोरून नकली अंगठा बनवणारे लोक देशात किती ठिकाणी पकडले गेलेत हे तुमच्याच पेपरात येऊन गेलंय. मेसेज आला तो इंग्रजीत, तिच्या बटणाच्या फोनवर. तिला इंग्रजी वाचता येत नाही, रविवारी भाचा घरी आला तेव्हा कळलं.

सोमवारी शाखा उघडायच्या आधी ती दारात उभी. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मावशी, अंगठा तुमचाच लागलाय, मग पैसे पण तुम्हीच काढले असणार." लेखी अर्ज दिला तर पोच द्यायला तयार नाहीत, साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या. उद्या म्हणे सर्व्हर डाऊन. असं करत करत आठवडा उलटून गेल्यावर शिक्का मिळाला आणि नंतर उत्तर काय आलं तर तक्रार उशिरा केली! हे वाचून ताई नुसती कागदाकडे बघत बसली, मला अजून तो कागद आठवला की संताप येतो.

आता नियम बघा. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं, त्यात काय म्हटलंय? चूक ना बँकेची ना खातेदाराची, तिसऱ्याच कुणीतरी पैसे काढले आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. ४ ते ७ दिवस लागले तरी अशा झिरो बॅलन्स खात्याला जास्तीत जास्त ५,००० चाच भुर्दंड, साध्या बचत खात्याला १०,०००. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत पैसे खात्यात परत दाखवायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चूक खातेदाराची होती हे बँकेने सिद्ध करायचं, खातेदाराने नाही. यातलं एक अक्षर तरी कालच्या लेखात होतं का? शाखेच्या भिंतीवर मराठीत लावलेलं कुणी पाहिलंय का?

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेतच घुसून ९४ कोटींच्या वर रक्कम लुटली गेली, तिथे कुठल्या खातेदाराने कुणाला ओटीपी सांगितला होता?

लेखात आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचा ठसा वगैरे, लॉक करा असं एका ओळीत सांगून मोकळे झालात. अहो, लॉक केलं की रेशन दुकानात पण अंगठा चालत नाही, दर महिन्याला ॲपमधून अनलॉक करून रांगेत उभं राहायचं, बटणाच्या फोनवर ॲप चालतं का? तरी ताईचं आम्ही लॉक करून घेतलंय, भाच्याच्या फोनवरून. ज्यांना भाचा नाही त्यांनी काय करायचं ते पुढच्या लेखात लिहा.

आणि सायबर फसवणुकीची तक्रार करायचा १९३० हा हेल्पलाइन नंबर तुम्ही शेवटच्या कोपऱ्यात इतक्या बारीक अक्षरात छापलात की मला चष्मा लावून पण शोधावा लागला. पैसे गेल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत तिथे फोन लागला तर रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येते, मग तो नंबर मथळ्याखाली ठळक नको का? गृहकर्जाच्या जाहिरातीला मात्र अर्धं पान मिळतं.

ताईची तक्रार आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन टाकली आहे. ते परिपत्रक मराठीत, मोठ्या अक्षरात, कालच्याच पानावर छापा एवढी कळकळीची विनंती आहे, आणि तक्रार देताना सही-शिक्क्याची पोच आणि तक्रार नंबर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका हे पण त्यात घाला.

आपला,
एक जुना वाचक, कराड