पाल सर, थँक्यू (फार उशिरा)

आदरणीय बी. पी. पाल सर,

तुम्ही १९८९ मधेच गेलात, त्यामुळे हे पत्र काही पोचणार नाही. पण तुमचं झाड माझ्या गच्चीत आहे, म्हणून लिहितेय.

आधी दोन वर्षं मी नुसते गुलाब आणून मारत होते. फुलाचा फोटो बघून भुलायचं, घरी आणायचं, मग पानांवर काळे ठिपके, फांदी शेंड्याकडून वाळत खाली, मग फवारा, मग परत फवारा. शेवटी एका काकांनी 'डॉ. होमी भाभा' नावाच्या गुलाबाचं कलम दिलं, पांढरंशुभ्र फूल, आणि तो टिकला. कुणी तयार केला म्हणून शोधायला गेले तर तुम्ही सापडलात, आणि आधी वाटलं काहीतरी घोळ आहे, कारण हे तर गव्हाचे नवे वाण काढणारे शास्त्रज्ञ पाल!

बालपण ब्रह्मदेशात, केंब्रिजची पीएचडी, १९६५ ला आयसीएआरचे (भारतीय कृषी संशोधन परिषदेचे) पहिले डायरेक्टर जनरल, हे सगळं मोठंच आहे, पण मी अडकले एनपी ८०९ पाशी. काळा, तपकिरी, पिवळा, तिन्ही तांबेऱ्यांना (गव्हावरच्या बुरशीच्या रोगांना) तोंड देणारा गहू, म्हणजे वेगवेगळ्या जातींतली ताकद संकर करत करत एका वाणात आणायची. औषध मारत बसण्यापेक्षा झाडच बदलायचं, हे कुणी सांगितलंच नव्हतं हो मला. आणि एवढी मोठी खुर्ची सांभाळून गुलाबांचे संकर करायचात तुम्ही, शेवटी घर आणि गुलाबही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेलाच देऊन टाकलेत.

मग मीही करून बघितलं. अर्धवट उमललेल्या कळीच्या पाकळ्या काढायच्या, पुंकेसर पिकायच्या आत चिमट्याने खुडायचे, दुसऱ्या झाडाचे परागकण ब्रशने लावायचे, वर कागदी पिशवी, लेबल. पहिल्या सीझनला सगळं गळालं. दुसऱ्यांदा तीन फळं धरली, अकरा बिया निघाल्या, त्या ओल्या टिशूत गुंडाळून फ्रीजमधे ठेवल्या (एकदा फेकल्याच जाणार होत्या), उगवल्या दोन, त्यातलं एक मुंग्यांनी खाल्लं की मीच जास्त पाणी घातलं देव जाणे.

उरलेल्याला गेल्या आठवड्यात फूल आलं. पाचच पाकळ्या, फिकट गुलाबी, प्रदर्शनात कुणी ढुंकूनही बघणार नाही. पण सर, अख्ख्या पावसाळ्यात त्याच्या पानांवर एक ठिपका नाही आला.

तुमची,
गच्चीवरची माळीण