पत्रादेवीपलीकडचे पेट्रोल

बांद्याहून गोव्यात शिरताच पत्रादेवीच्या पंपावर महाराष्ट्रातल्या गाड्यांची रांग दिसते. लिटरमागे सात-आठ रुपयांचा फरक असेल, तर कोण इकडे महाराष्ट्रात टाकी भरेल? पेट्रोल-डिझेल जीएसटीबाहेर असल्याने प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावते. आपल्याकडे त्यावर लिटरमागे अधिभारही आहे. २०१५ मध्ये दुष्काळासाठी दोन रुपये वाढले. दुष्काळ सरला, पण बोजा काही पूर्ण उतरला नाही.

व्यवसाय कराचेही तसेच. राज्यघटनेने घातलेली वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा महाराष्ट्र पूर्ण वसूल करतो. दिल्ली, हरियाणात हा करच नाही. रक्कम मोठी नाही, हे मान्य. पण फेब्रुवारीच्या पगारातून दोनशेऐवजी तीनशे कापलेले दिसले की चिडचिड होतेच.

म्हणून गोवा स्वस्त, असे मात्र कुणी समजू नये. पेट्रोल, वीज आणि दारू (गोव्याची दारू पकडणाऱ्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर विचारा!) स्वस्त असली, तरी म्हापसा-पणजीत खोलीभाडे सिंधुदुर्गातल्या मुलांच्या पगाराचा मोठा लचका तोडते. त्यामुळे अनेकजण सावंतवाडी-बांद्याहून रोज दुचाकीने ये-जा करतात.

पंपावरच्या पावतीत मूळ किंमत, केंद्राचे उत्पादन शुल्क, राज्याचा व्हॅट आणि अधिभार वेगवेगळे छापणे सरकारने बंधनकारक करावे. किराणा दुकानाच्या बिलावर जीएसटी दिसतो, मग इथेच लपवाछपवी कशाला?

— एक वाचक, सावंतवाडी