शेंगदाण्यांच्या पुडीतला आधार क्रमांक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात डोंबिवली स्थानकाबाहेर दहा रुपयांचे खारे शेंगदाणे घेतले. पुडी उलगडली तर तो एका कोचिंग क्लासचा प्रवेश अर्ज निघाला. मुलीचा फोटो, जन्मतारीख, घरचा पत्ता, आईचा मोबाइल नंबर आणि आधार क्रमांकाचे बाराही आकडे, सगळे शाबूत. शेंगदाणेवाल्याकडे तशाच अर्जांचा गठ्ठा होता. क्लास जवळच, म्हणून जाऊन विचारले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘काका, २०१९ चे फॉर्म आहेत. ठेवायला जागा कुठंय?’

त्याला वाईट वाटले नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले.

मी बँकेतून निवृत्त झालो. कोणत्या नोंदी ५ वर्षे जपायच्या आणि कोणत्या ८ वर्षे, हे बँकांसाठी १९८५ च्या नियमांनी ठरवून दिले आहे. आमच्या शाखेत मुदत संपलेली व्हाउचरे फाडून घ्यायची असत. काय नष्ट केले, कधी केले, समोर कोण होते, ते रजिस्टरात लिहून दोघांच्या सह्या होत. तेव्हा या कारकुनीचा कंटाळा यायचा, हेही कबूल करतो.

आता डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यातली मुख्य बंधने लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. २ कोटी किंवा त्याहून जास्त नोंदणीकृत ग्राहक असलेल्या ऑनलाइन विक्री कंपन्यांना तर हिशेबच घालून दिला आहे: ग्राहक ३ वर्षे फिरकला नाही तर माहिती पुसायची आणि पुसण्याआधी ४८ तास त्याला कळवायचे. उत्तम. पण कायद्याच्या नावातच ‘डिजिटल’ आहे. कागदावर घेतलेली माहिती संगणकात चढली तरच ती या कायद्याखाली येते. म्हणजे या क्लासने ते अर्ज एक्सेलमध्ये भरले असतील, तर काम संपल्यावर ती फाइल पुसण्याची जबाबदारी त्याच्यावर येईल. मूळ कागद मात्र या कायद्यापुरता रद्दीच्या भावाने विकायला मोकळा! क्लास, जिम, लॉज, इस्टेट एजंट, सोसायटीचे ऑफिस, सगळीकडे आपण आधारची झेरॉक्स देतो. तिचे पुढे काय होते, हे आपणही कधी विचारत नाही.

दुकाने-आस्थापनांच्या नोंदणीच्या वेळीच ग्राहकांचे कागद किती दिवस ठेवणार आणि कसे नष्ट करणार, हे लिहून घ्यायला काय हरकत आहे? कागद फाडायचे छोटे यंत्र काही हजारांत मिळते. त्याआधीचा प्रश्न म्हणजे झेरॉक्स हवीच कशाला? मूळ कार्ड पाहून ‘पाहिले’ अशी नोंद केली तर बहुतेक ठिकाणी काम भागते. आणि द्यावीच लागली तर झेरॉक्सवर आडवी रेघ मारून कशासाठी दिली ते आणि तारीख लिहावी. मी लिहितो. समोरचा वैतागतो, पण घेतो.

तो अर्ज मी घरी आणून बारीक फाडला. त्याआधी त्यावरच्या नंबरवर फोन करावा, असे दोनदा मनात आले. केला नाही. त्या माउलीला सांगणार काय, की तुमचा नंबर मला शेंगदाण्यांच्या पुडीत मिळाला?

– एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली