आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : रेडिएशन संपल्यानंतरचे आठवडे

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

आई ओतूरहून माझ्याकडे धनकवडीला आली, तेव्हा पिशवीत मूळव्याधीचं औषध होतं. वर्षभर रक्त जात होतं. इथे डॉक्टरांनी बोटाने तपासलं आणि लगेच गाठ हाताला लागली. एमआरआयनंतर कळलं की गुदाशयाचा कर्करोग भिंतीबाहेर पसरलाय. आधी रेडिएशन आणि केमोच्या गोळ्या, मग ऑपरेशन असं ठरलं.

"आधी कापून का टाकत नाहीत?" मामाने विचारलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात याचं उत्तर आहे. रेडिएशन-केमो ऑपरेशननंतर दिलेल्यांपैकी १३ टक्के रुग्णांत पाच वर्षांत त्याच जागी रोग उलटला. आधी दिलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं.

आईला २८ 'शेक' मिळाले. रेडिएशनला ती शेकच म्हणायची. सोमवार ते शुक्रवार, पाणी पिऊन लघवी धरून बसायचं आणि नंबराची वाट बघायची. चौथ्या आठवड्यात रक्त थांबलं. शेवटच्या दिवशी कागदावर फक्त 'नंतर दाखवणे' लिहून मिळालं. "आता बरं वाटतंय, कशाला कापाकापी?" म्हणत आई वाकडेवाडीहून एसटीने गावी गेली. मलाही तेच पटलं, हे लिहिताना आज हात थरथरतो. शेक संपल्यानंतरच्या दहाव्या आठवड्यात, रुग्णालयात ओळख झालेल्या एका रुग्णाच्या मुलीने फोनवर सहज विचारलं, "काकूंची ऑपरेशनची तारीख कधीची?"

शेवटच्या शेकानंतरही गाठ आक्रसत राहते, म्हणून साधारण आठ ते बारा आठवडे थांबतात. ते थांबणं उपचाराचाच भाग आहे, पण घरच्यांना वाटतं की उपचार संपले. काहींची गाठ पूर्ण विरघळते, मग डॉक्टर ऑपरेशन न करता नुसती नजरही ठेवतात. मात्र ते एमआरआय, दुर्बीण आणि बोटाची तपासणी यांवर ठरतं. बरं वाटण्यावर नाही.

माझी मागणी साधी आहे. सर्जन, रेडिएशनचे आणि केमोचे डॉक्टर यांनी मिळून पहिल्याच दिवशी मराठीत एक कागद द्यावा : शेक कधी संपणार, पुन्हा एमआरआय कधी, ऑपरेशन कोणत्या आठवड्यात. महात्मा फुले योजनेच्या रुग्णालयांत रुग्णांना मदत करणारे आरोग्यमित्र आहेतच. शेक संपल्यानंतरच्या सहाव्या आठवड्यात त्यांनी घरी एक फोन करावा, न आलेल्याचा शोध घ्यावा.

आणखी एक. ऑपरेशननंतर काही महिने आईच्या पोटावर शौचाची पिशवी होती. दर वेळी ती पुण्याहून न्यावी लागे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती मिळावी, आणि ती नीट चिकटवायला शिकवणारी एक सिस्टरही असावी. पिशवी गळेल या भीतीने आई दोन महिने कुणाच्या दारात गेली नाही.

आईच्या फायलीवरून तारखांच्या कागदाचा एक नमुना मी तयार केला आहे. तो सोबत जोडते आहे. खाली तिन्ही डॉक्टरांच्या सह्यांसाठी जागा ठेवली आहे.

आपली,
एका रुग्णाची मुलगी
धनकवडी, पुणे