फौजी ड्रायव्हरची 'किरकोळ' शिक्षा आणि दुसऱ्या दिवशीची गाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बार्शी, सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या पट्ट्यातली पुष्कळ मुलं फौजेत आहेत आणि त्यांतली कितीतरी गाडीवर आहेत. कधीतरी घरी फोन येतो, "मला अठ्ठावीस दिवस लागले," म्हणजे अठ्ठावीस दिवसांची कैद. घरचे हबकतात, कोर्ट मार्शल झालं, नोकरी गेली, अशी समजूत करून घेतात. शेजारचा एखादा पेन्शनर धीर देतो, "किरकोळ आहे, होतं असं." दोघांचंही अर्धंच खरं. ही शिक्षा कोर्ट मार्शलची नसते, पण ड्रायव्हरच्या बाबतीत ती किरकोळही राहत नाही.

आर्मी अ‍ॅक्ट, १९५० च्या कलम ८० नुसार कमांडिंग ऑफिसर कोर्ट मार्शल न भरवता जवानाला शिक्षा देऊ शकतो. २८ दिवसांपर्यंत लष्करी कोठडीत कैद, तितकंच डिटेन्शन किंवा लाइनबंदी (बराकीची हद्द सोडायची नाही), जादा गार्ड वा जादा ड्युटी, एका महिन्यात १४ दिवसांच्या पगारापर्यंत दंड, शिवाय नुकसानीची पगारातून वसुली. कैद, लाइनबंदी, जादा ड्युटी अशा शिक्षा एकत्र दिल्या तरी एकूण ४२ दिवसांच्या वर जाता येत नाही. नायक-हवालदाराला कैद, डिटेन्शन किंवा लाइनबंदी या मार्गाने देताच येत नाही. आणि पाठीवर पिट्ठू (सामानाने भरलेली पिशवी) लादून पळवणं या यादीत कुठेच नाही. तरी ते चालतं. जवानही 'शाई नको, पिट्ठू परवडला' म्हणत निमूट सोसतो, कारण कागदावर काही येत नाही. पण कागद नाही म्हणजे दाद मागायला आधारही नाही, हे उशिरा कळतं.

याच कायद्यात एक विषमता आहे, तिची चर्चा फार होत नाही. कलम ८४ खाली अधिकाऱ्याची किंवा जेसीओची (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरची) सीनिऑरिटी कापायची असेल, तर शिक्षा सुनावण्याआधी 'माझा खटला कोर्ट मार्शलपुढे चालवा' असं म्हणण्याचा हक्क त्याला आहे. कलम ८० खाली उभ्या असलेल्या शिपायाला २८ दिवसांची कैद होणार असली तरी हा पर्याय नाही. ब्रिटनच्या फौजेत साध्या सैनिकालाही तो मिळतो. आपल्याकडे ज्याचं स्वातंत्र्य जाणार त्याला नाही आणि ज्याची सीनिऑरिटी जाणार त्याला आहे. हे उलटं आहे.

पण आमचा मुख्य मुद्दा जादा गार्डचा. युनिटमध्ये ही हलकी शिक्षा मानली जाते. क्लार्कला किंवा स्टोअरमनला दिली तर ती हलकी असेलही. गार्डची रीत साधारण दोन तास संत्री म्हणून पहारा, चार तास आराम अशी. कागदावर आराम चार तासांचा दिसतो. त्यातून बदलीची तयारी, बूट-पट्टा, हत्यार ताब्यात घेणं-देणं वजा केलं की सलग झोप तीन-सव्वातीन तासांच्या पुढे जात नाही. अशा दोन रात्री काढलेल्या ड्रायव्हरला तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्टॅलियन ट्रक काढायला सांगतात, मागे वीस जवान बसलेले. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळी शरीर आपसूक ढेपाळतं, ही गोष्ट आता कुणालाही नवी नाही. मे महिन्यात पुण्याहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर दुपारी सरळ, एकसुरी रस्ता, केबिनमध्ये इंजिनाची धग आणि बाहेर ४३ अंश. तिथे झोप येत नाही, डुलकी येते. आणि ती आली होती हे चालवणाऱ्यालाही कळत नाही. शिक्षा एकाला दिली, धोका मागच्या वीसजणांच्या आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या वाट्याला आला.

सोलापूर आगारातल्या एसटी चालकाला मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स अ‍ॅक्ट, १९६१ चं संरक्षण होतं (२०२५ मध्ये नव्या कामगार संहितांनी त्याची जागा घेतली): सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. फौजी गाडी भाड्याने चालत नाही, त्यामुळे तो कायदा तिला लागू नव्हता. ठीक आहे, सीमेवर घड्याळ लावून कोणी लढत नाही. पण शांततेच्या ठिकाणी राशन आणायला आणि शाळेच्या फेरीला जाणाऱ्या गाडीला युद्धाची सबब चालू नये. मागणी साधी आहे. ड्रायव्हरला जादा गार्ड लावायचाच असेल तर त्यानंतर पुरती एक रात्र झोप मिळेपर्यंत त्याचं नाव डिटेलमध्ये (गाडीवर कोण जाणार त्या यादीत) येऊ नये, आणि हे एमटी (गाड्यांच्या विभागाच्या) हवालदाराच्या मर्जीवर न सोडता लेखी असावं. गार्ड रोस्टर आणि गाडीची डिटेल वेगवेगळ्या हातांत असतात. एकाने दुसऱ्याचं बघितलेलं नसतं. बहुतेक वेळा दुष्टपणा नसतो, दोन वह्यांचा मेळ नसतो.

आता कार डायरीबद्दल. गाडी कितीला निघाली, किती किलोमीटरला, कुठे गेली, कुणासाठी, परत कितीला आली, आणि शेवटच्या रकान्यात गाडी वापरणाऱ्याची सही. ही सही राहते. साहेब घाईत उतरतात, ड्रायव्हरला मागे लागायला संकोच वाटतो, संध्याकाळी एमटी पार्कमध्ये कोणीतरी रकाना 'भरून' टाकतो. मग एखाद्या दिवशी "जरा बाजारातून घेऊन जाऊ" या तोंडी हुकमावर गाडी ठरलेला रस्ता सोडून वळते, तिथेच कुणाला तरी घासते, आणि चौकशीत तो हुकूम कुणाच्याच लक्षात नसतो. उरतो फक्त ड्रायव्हर, परवानगीशिवाय गाडी वळवल्याच्या आरोपासकट. गाड्यांच्या दोषांचंही तसंच. रेडिएटरचं पाणी, तेलाची पट्टी, फॅन बेल्ट, चाकांचे नट, हवेच्या टाकीतलं पाणी काढणं, गेजवर ब्रेकची हवा पुरती चढेपर्यंत थांबणं, याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. "लगेच काढ" म्हणणारा ती मिनिटं देत नाही, आणि ब्रेक लागला नाही की 'डेली इन्स्पेक्शन केलं होतं का' हे मात्र ड्रायव्हरलाच विचारलं जातं. दोष सांगायचा तर वहीत लिहून, तारीख-वेळेसह. तोंडी सांगितलेला दोष चौकशीत टिकत नाही.

चौकशीत काय हातात आहे? आर्मी रूल्स, १९५४ च्या नियम २२ प्रमाणे आरोप कमांडिंग ऑफिसरने आरोपीच्या समोर ऐकायचा, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याची आणि आपले साक्षीदार बोलावण्याची आरोपीला पूर्ण मुभा. प्रत्यक्षात टोपी-बेल्ट उतरवून साहेबांपुढे मार्च-अप, आरोप वाचणं, "कुछ कहना है?", "नहीं साब", उजवीकडे वळ. दोन मिनिटांत आटोपतं. एक खाचही आहे. अपघाताची कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) झाली असेल आणि तिच्यात नियम १८० पाळला असेल, म्हणजे ड्रायव्हरला पूर्ण वेळ हजर राहू दिलं, उलटतपासणी करू दिली असेल, तर नियम २२ ची ही सुनावणी कमांडिंग ऑफिसर वगळू शकतो. म्हणून जे विचारायचं ते इन्क्वायरीतच विचारून घ्यावं. आदल्या रात्रीचं गार्ड रोस्टर, कार डायरी, दोषांची वही आणि शेजारी बसलेला गाडी कमांडर यांची मागणी तिथेच, लेखी करावी. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याची जबाबदारी असतेच. आरोपपत्रात मात्र तो क्वचित दिसतो.

पैशाचा भाग थोडक्यात. सरकारी गाडीला विम्याची सक्ती नाही, त्यामुळे बाहेरच्या माणसाची भरपाई केंद्र सरकार देतं. गाडीचं नुकसान मात्र कमांडिंग ऑफिसर ड्रायव्हरच्या पगारातून वळतं करू शकतो, आणि कैदेचे दिवस बिनपगारी. अशी कपात महिन्याला पगार-भत्त्यांच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाही. घराचे हप्ते चालू असणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

जड शिक्षेची नोंद लाल शाईने होते. अशा चार झाल्या की घरी पाठवतात, अशी बराकीत पक्की समजूत आहे. वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं की चार लाल नोंदी म्हणजे आपोआप डिस्चार्ज नव्हे. आधी चौकशी, आणि त्यात गुन्ह्यांचं स्वरूप, सेवेची वर्षं, कठीण ठिकाणच्या पोस्टिंग हे सगळं पाहिलं पाहिजे. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या (फौजींच्या न्यायाधिकरणाच्या) २००७ च्या कायद्यात मात्र कोर्ट मार्शलशिवाय तडकाफडकी निकालात काढलेल्या प्रकरणांचा उल्लेख बडतर्फीच्या संदर्भातच येतो. म्हणजे २८ दिवसांच्या कैदेवर थेट त्याच्या मुंबईच्या खंडपीठाकडे धाव घेऊन भागेल, असं धरून चालू नये.

मार्ग आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २६ आणि ८७ चा. पहिली तक्रार आपल्या कंपनी कमांडरकडे. तक्रार त्याच्याविरुद्धच असेल तर त्याच्या वरच्याकडे. शिक्षा बेकायदा, अन्यायकारक किंवा अवाजवी असेल तर वरिष्ठ लष्करी अधिकारी ती रद्द किंवा कमी करू शकतो, तेव्हा अर्जात यांतलं नेमकं काय आणि का, ते लिहावं. वाट सोडून थेट वर पत्र धाडू नये. रणजित ठाकूर या सिग्नलमनने तसं धाडलं म्हणून त्याला २८ दिवसांची सक्तमजुरी झाली होती. पुढे जेवण्याचा हुकूम मोडल्यावरून वर्षाची कैद आणि बडतर्फी झाली; ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार होती तोच निवाड्याला बसला होता, म्हणून १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा उलथवली. न्याय मिळाला, पण किती उशिरा. खासदारांच्या कार्यालयात चकरा मारणाऱ्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ टाकणाऱ्या नातेवाइकांनी हे आधी वाचावं. त्या व्हिडिओवरून पोराविरुद्ध दुसरा आरोप तयार होतो.

सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने या अर्जाचा मराठी-हिंदी नमुना आणि सोबत लागणाऱ्या कागदांची यादी दर्शनी फलकावर लावावी. एका पानात मावेल.

आपले,
एमटी शाखेतले काही माजी जेसीओ, सोलापूर