वयात येईपर्यंत मुलांना परफ्यूम नकोच

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दप्तराच्या ओझ्यावर दर जूनमध्ये पेपरात काही ना काही छापून येतं, पण त्या दप्तरात हल्ली काय काय असतं ह्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी भांडुपला घरीच ट्यूशन घेते, पाचवी ते दहावी. आता पाचवी-सहावीच्या मुलांच्या कंपासपेटीशेजारी पण तो चपटा पॉकेट परफ्यूम असतो, स्टेशनबाहेरच्या जनरल स्टोअरमध्ये ५०-६० रुपयांना मिळतो तो. जिना चढून आली की दारातच गळ्यावर, शर्टवर, कधी केसांवर पण फुसफुस मारतात आणि मग सगळी त्या १० बाय १० च्या खोलीत बसतात. पावसाळ्यात खिडकी लावलेली असली तर तो गोड उग्र वास डोक्यातच जातो. माझ्याकडे दम्याचा एक मुलगा आहे, इनहेलर खिशात घेऊन येतो, कोणी स्प्रे मारला की त्याचा खोकला चालू होतो आणि बिचारा स्वतःच सॉरी टीचर म्हणून बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभा राहतो. त्याने का बाहेर जायचं?

पालक मला विचारतात, टीचर मग कोणत्या वयापासून चालेल? मी स्पष्टच सांगते, वयात येईपर्यंत अजिबात नको, वयात आल्यावर आधी अंघोळ आणि गरज असेल तर साधा बिनवासाचा डिओ, आणि हौसेचा परफ्यूम दहावी झाल्यावर.

ह्यामागे कारण आहे, उगाच जुन्या वळणाची म्हणून बोलत नाहीये. आपल्या अंगात घामाच्या मुख्य ग्रंथी दोन प्रकारच्या. एक्राइन ग्रंथी जन्मापासून अंगभर असतात, त्यांचा घाम म्हणजे जवळपास मीठ-पाणीच, त्याला वास असा नसतो. दुसऱ्या अपोक्राइन, काखेत आणि जांघेत, त्या वयात येतानाच कामाला लागतात आणि त्यांचा घाम तिथल्या बॅक्टेरियांनी फोडला की मग तो मोठ्या माणसांसारखा वास येतो. म्हणजे दुसरी-तिसरीतल्या पोराला डिओ लागायचं कारणच नाही. उलट मुलीला ८ वर्षांच्या आधी किंवा मुलाला ९ च्या आधी काखेत तसा वास यायला लागला तर स्प्रे मारून तो झाकू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण शरीरात वयात येण्याचे बदल वेळेआधी सुरू झालेले असू शकतात आणि ते लवकर कळलेलं बरं.

मुंबईत मुलांना जो वास येतो तो बऱ्याच वेळा अंगाचा नसतोच, कपड्यांचा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये युनिफॉर्म वाळत नाही, पंख्याखाली टाकलेला शर्ट सकाळी दमटच घालून पाठवतात, मोजे दोन दिवस तेच, त्यात व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसायचं. त्या कुबट वासावर परफ्यूम मारला की दोन्ही मिळून अजून भयंकर होतं. एक जादा शर्ट, रोज धुतलेले मोजे, कॉटनचं बनियन, आणि शाळेतून आल्यावर दोन तांबे पाणी अंगावर, एवढ्यात बहुतेकांचं काम होतं.

आता त्वचेचं बघा. परफ्यूममध्ये बराचसा भाग अल्कोहोलचा असतो, त्याने मुलांची त्वचा कोरडी पडते, चुरचुरते. आणि वासासाठी जी द्रव्यं घालतात, लिनालूल, लिमोनिन वगैरे, त्यांची काहींना अ‍ॅलर्जी होते आणि ती एकदा बसली की सहसा आयुष्यभर राहते, मग साबण, शाम्पू, क्रीम सगळंच बघून घ्यावं लागतं. जितक्या लहानपणापासून रोज अंगावर मारणार तितका संबंध जास्त. युरोपात २००३ च्या नियमाने अशा २६ द्रव्यांची नावं ठराविक प्रमाणाच्या वर असली तर लेबलवर छापावी लागतात आणि २०२३ मध्ये ती यादी ८० च्या पुढे नेली. आपल्याकडे मिळणाऱ्या किती बाटल्यांवर नुसतं परफ्यूम एवढाच एक शब्द असतो, आईने त्यावरून काय समजायचं? माझ्याकडच्या सातवीतल्या एका मुलीच्या मानेवर, बरोब्बर जिथे ती स्प्रे मारायची तिथे, आधी लाल पुरळ आलं आणि नंतर काळपट डाग राहिला, कॉलरच्या वर दिसतो तो, आता ती वेणी पुढे घेऊन बसते.

काही जण म्हणतात आपलं अत्तर नॅचरल आहे, ते चालेल. नॅचरल तेलांत पण हीच द्रव्यं असतात, गुलाबात, लवंगेत सगळीकडे. पण अत्तराची आपली पद्धत मला आवडते हे सांगायलाच हवं. हळदीकुंकवाला, लग्नात मोठं माणूस हाताच्या पाठीवर एक बोट फिरवायचं, वर गुलाबपाणी शिंपडायचं, आजोबांच्या कानात फाया असायचा. मुलांना तो वास सणासमारंभाचा म्हणून माहीत होता. दिवाळीच्या पहाटे उटण्याचा वास कोणाला नको आहे? रोज शाळेत जाताना स्वतःचा वास लपवायला मारायची ती गोष्ट नव्हती.

आणि मला सगळ्यात जास्त राग ह्याच लपवण्याचा येतो. १०-११ वर्षांची पोरं एकमेकांना ए तुझा वास येतो म्हणतात, ते ऐकलेलं मूल दुसऱ्या दिवशी अर्धी बाटली रिकामी करून येतं. हे त्यांना शिकवलं कोणी? टीव्हीवर वर्षानुवर्षं डिओच्या जाहिराती कशा असतात ते आपण बघतोय, २०२२ च्या जूनमध्ये तर एका बॉडी स्प्रेची जाहिरात इतकी घाणेरडी होती की केंद्र सरकारला ती काढायला लावावी लागली. तिकडे इटलीच्या डोल्चे अँड गबाना ह्या फॅशन कंपनीने तर चक्क बाळांसाठी परफ्यूम काढला होता. बाळाच्या टाळूचा वास घ्यायला आया-आज्या जीव टाकतात आणि त्याच्यावर फवारायला बाटली विकायची! मूल आहे तसं चांगलं नाही, त्याला काहीतरी मारायला हवं, हा विचारच मला सहन होत नाही.

शाळांनी जूनच्या पहिल्या पालकसभेत एवढं सांगावं की वर्गात आणि व्हॅनमध्ये कोणताही स्प्रे चालणार नाही, डिओच्या डब्यांतला गॅस पेट घेणारा असतो हे एक कारण पण पुरेसं आहे. पाचवी-सहावीच्या मुलामुलींशी वयात येताना घाम का बदलतो हे वर्गातच बोलावं, अर्धा तास पुरतो, मी माझ्याकडे बोलते आणि मुलं नीट ऐकतात. आणि तुमच्या पेपरने एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांना ह्यावर लिहायला सांगावं, फक्त ते फॅशनच्या पुरवणीत नको, शाळा-प्रवेशाच्या बातम्या येतात त्या पानावर छापा, पालक ते पान नक्की वाचतात.

आपली,
एक ट्यूशन टीचर, भांडुप