आमची सही आम्हालाच करू द्या

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ग्रामसभेची वेळ, जागा आणि इतिवृत्त

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात पांदण रस्त्याच्या ठरावाची नक्कल काढायला मी आमच्या ग्रामपंचायतीत गेले होते. रजिस्टर चाळताना जानेवारीतल्या महिला सभेचं पान लागलं, आणि त्यावर माझी सही दिसली. पूर्ण नाव, आडनावासकट, वर 'सौ.' लावून. मी नावाआधी 'सौ.' कधीच लावत नाही. बचत गटाच्या वहीत अकरा वर्षं माझी सही नुसत्या नावाची आहे. सभेच्या त्या दिवशी मी शेजाऱ्यांच्या वावरात कापूस वेचत होते. किती किलो वेचला तेही लिहून ठेवलेलं आहे, कारण वेचाईचे पैसे किलोवर मिळतात.

विचारलं, तर उत्तर आलं, "बाई, सही तं झाली ना तुमची? मंग काहाले उन्हातान्हाचं येता?"

बोलणाऱ्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. वरून कागद मागतात, तो वेळेत पाठवावा लागतो, आणि त्यावर सह्या नसल्या तर तोच कागद परत येतो. सही खोटी आहे की खरी, हे मात्र वरून कोणी विचारत नाही. म्हणून ही तक्रार मी तालुक्याला न पाठवता थेट आपल्याला लिहिते आहे. मला कोणाची चौकशी लावायची नाही.

प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं आपल्या राज्याचा ग्रामपंचायत अधिनियम सांगतो. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्यात, असंही सांगतो. ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली, ती १९९३ पासून अमलात आहे. गावच्या मतदार यादीत नाव आहे तो प्रत्येक माणूस या सभेचा सभासद. निवडून यावं लागत नाही, कोणाची चिठ्ठी लागत नाही. कायद्यात काही कमी आहे असं मला वाटत नाही. कमी आहे ती घड्याळात आणि कॅलेंडरात.

सभेच्या रूढ झालेल्या तारखा बघा : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. झेंडा झाला, मुलांना बिस्किटं वाटली की शाळेच्या व्हरांड्यात सभा. सरकारी कॅलेंडरात हे सुट्टीचे दिवस आहेत, पण वावराला सुट्टी नसते. जानेवारीत कापूस झाडावर लोंबत असतो आणि तुरीची गंजी लागलेली असते. ऑगस्टमध्ये निंदण असतं. पावसाने दोन दिवस उघडीप दिली तर बायांना सकाळी सातला बांधावर हजर व्हावं लागतं. दोन ऑक्टोबरला सोयाबीनची सोंगणी ऐन भरात असते, आणि वर ढग आलेले असले तर गांधीजी स्वतः आले तरी कोणी वावर सोडणार नाही. राहिला एक मे. तेव्हा कामं कमी असतात खरी, पण पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि टिनाच्या शेडखाली बसणं म्हणजे शिक्षा. या चारही दिवशी सकाळी दहाला मोकळा कोण असतो? ज्याच्या वावरात दुसरे राबतात तो, नाहीतर ज्याला वावरच नाही आणि गुत्तेदारी आहे तो.

मग कोरम पुरा होत नाही. नियमाने एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी ती लागते. आमच्याकडे मतदार चौदाशेच्या घरात, म्हणजे शंभर माणसं पुरेत. तेवढीही जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची गरज नसते. पुढच्या वेळी वीस माणसांत वर्षभराचा आराखडा मंजूर होतो, सूचक-अनुमोदक ठरलेले असतात, आणि रजिस्टर घेऊन शिपाई संध्याकाळी घरोघर फिरतो. सात दिवस आधी द्यायची नोटीस बहुतेकदा आदल्या रात्री व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडते. ज्या घरात मोबाइल एकच आणि तोही मुलाच्या हातात, त्या घरापर्यंत ती पोचतच नाही. कोतवालाची दवंडी निदान चुलीपुढे बसलेल्या बाईला ऐकू यायची.

आमची गट ग्रामपंचायत आहे. तीन गावं, सभा कायम मोठ्या गावात. आमच्या टोल्यावरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून, ते चार किलोमीटर, मधे नाला. गडचिरोलीत पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा, लागू आहे, तिथे २०१४ च्या राज्याच्या नियमांनुसार एखादा टोलाही ठराव करून आपली स्वतंत्र ग्रामसभा मिळवू शकतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं नाव प्रत्येक भाषणात येतं, 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणाही सगळ्यांना पाठ झाली आहे. पण त्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, त्याआधी कित्येक वर्षं ते लोक अभ्यासगटात बसून विषय समजून घेत होते आणि सर्वांचं एकमत होईपर्यंत निर्णय घेत नव्हते, हे भाषणात कोणी सांगत नाही. आमच्याकडे जंगल नाही, बांबू नाही, पेसाही नाही. निदान चारपैकी एक सभा आमच्या टोल्याच्या समाजमंदिरात भरवायला कोणाची हरकत असावी?

थोडं बचत गटाबद्दल सांगते, कारण मला सभा कळली ती तिथे. आम्ही बारा जणी. बैठक आठवड्याला, रात्री साडेआठला, भाकरी-भाजी उरकून. मी सचिव, म्हणून लिहिणं माझ्याकडे. बैठक संपताना मी लिहिलेलं मोठ्याने वाचते. कोणी म्हणते, "माही परतफेड पाचशे लिहिली, मी सहाशे देल्ले." मी खोडून दुरुस्त करते, मगच सह्या होतात. आमच्यातल्या दोघी अंगठा उठवतात, पण त्यांच्या आकड्यात चूक केली तर सगळ्यात आधी त्यांनाच कळते. वाचून झाल्याशिवाय एकही बाई उठत नाही, कारण पैसा आमचा आहे.

ग्रामपंचायतीचा पैसा कोणाचा आहे? पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायची, ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठी. हे मला ठाऊक झालं ते गटाच्या एका प्रशिक्षणात. आमच्या सभेत हे दोन शब्द मी एकदाही ऐकले नाहीत. पांदण मागितली की "फंड नाही" एवढंच कळतं, कोणता फंड नाही ते कळत नाही. ठराव मात्र त्याच दिवशी लिहिला जातोच असं नाही. तो सवडीने लिहितात, आणि सभेत बोललेलं व वहीत उतरलेलं यांची गाठ पडतेच असं नाही. पंचायती राज मंत्रालयाने २०२५ मध्ये 'सभासार' नावाचं साधन आणलं. सभेच्या ध्वनिमुद्रणावरून ते इतिवृत्ताचा मसुदा तयार करतं. त्याला आमची वऱ्हाडी किती समजेल याची मला धास्ती आहे, पण येऊ द्या. फक्त त्याने लिहिलेलंही उठण्याआधी वाचून दाखवा.

गावाने थेट मतदानाने निवडायचा सरपंच २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. ग्रामसेवकाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालं, गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं. सरपंच कसा निवडावा यावर इतका खल झाला, पण सभा किती वाजता भरवावी यावर झालेला माझ्या तरी ऐकण्यात नाही.

माझं मागणं एका परिपत्रकात मावेल एवढंच आहे. झेंड्याच्या दिवशी झेंडा होऊ द्या. सभेची तारीख गावाला पीकपाणी बघून ठरवू द्या आणि ती रात्री भरवायची मुभा द्या. आमच्याकडे तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला संध्याकाळी बाया-माणसं न बोलावता जमतात, तीच वेळ चालेल. गट ग्रामपंचायतीत सभा आळीपाळीने प्रत्येक गावात घ्या. इतिवृत्त जागेवर लिहून, वाचून, मग सह्या. आणि त्याचा फोटो दुसऱ्या दिवशी फलकावर. महिला सभेची तारीख गावातल्या बचत गटांना विचारून ठरवा, आम्ही शंभर बाया आणून बसवू.

आपलं उत्तर आलं, तर येत्या ग्रामसभेत मी ते वाचून दाखवीन आणि इतिवृत्तात त्याची नोंद घ्यायला लावीन. नाही आलं, तर तीही नोंद घ्यायला लावीन. खाली सही माझी मीच करीन, 'सौ.' न लावता.

आपली,
एका महिला बचत गटाची सचिव,
जि. यवतमाळ